टिंब-रेघा न दाखवणारी शिकवणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मोर्स, म्हणजे तारेसाठी वापरली जाणारी टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, शिकायला बसले आणि आज, दहा महिन्यांनी, मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने येणारा साधा इंग्रजी मजकूर वहीत उतरवून घेऊ शकते. या काळात माझी शिकवणी नाशिकरोडच्या घरातल्या एका जुन्या लॅपटॉपने घेतली. त्यावर मी मुख्यतः चार संगणक-प्रणाली वापरल्या: ‘लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन’ (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स), म्हणजे वापरणाऱ्यांच्या तोंडी ‘एलसीडब्ल्यूओ’, ही ब्राउझरमध्ये चालणारी, आणि विंडोजवर उतरवून घेण्याच्या ‘जी४एफओएन’, ‘रूफ्झ एक्सपी’ व ‘मोर्स रनर’ या तीन. एकीसाठीही मला पैसे मोजावे लागले नाहीत. सुरुवात कोणत्या प्रणालीपासून करावी, असे कोणी विचारले तर मी ‘एलसीडब्ल्यूओ’चे नाव सांगते. कारण एवढेच, की तिच्या पाठात पडद्यावर अक्षर असते आणि कानात त्याचा आवाज असतो. या दोहोंच्या मध्ये टिंब-रेघांचा तक्ता येऊन बसत नाही. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे मला चुकीच्या मार्गाने दोन महिने चालल्यावरच उमगले.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शाळेच्या गाइड पथकाची जबाबदारी आल्यावर मुलींना संदेशवहन शिकवण्यासाठी म्हणून मी मोर्सचा तक्ता हाती घेतला, आणि त्यातून पुढे हौशी रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर स्वतःचे रेडिओ-स्थानक चालवण्याच्या, परवान्याची ओढ लागली. वृत्ते शिकवणाऱ्या कोणालाही त्या तक्त्यात जे दिसेल, ते मला पहिल्याच दिवशी दिसले. तीन खुणांनी बनणारी अक्षरे बरोबर आठ आहेत आणि आपले गणही आठच आहेत. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र समोर ठेवून टिंबाला लघू आणि रेघेला गुरू मानले, की ‘डब्ल्यू’ हा य गण होतो, ‘ओ’ म गण, ‘जी’ त गण, ‘के’ र गण, ‘आर’ ज गण, ‘डी’ भ गण, ‘एस’ न गण आणि ‘यू’ स गण. एकही गण उरत नाही आणि तीन खुणांचे एकही अक्षर सुटत नाही. या मेळाने मी हरखून गेले. आठवडाभरात आठही अक्षरे पाठ झाली, उरलेल्या अक्षरांना मी एक-एक लघू-गुरू जोडून घेतले, आणि फोनवर घेतलेल्या एका ॲपने प्रत्येक अक्षराला एकेक चित्र देऊन तेच काम आणखी पक्के केले. कागदावर विचाराल ते अक्षर मी सांगू शकत होते.

मग मी प्रत्यक्ष आवाज ऐकायला बसले आणि काहीही हाती लागेना. याचे कारण गणिताचे आहे. मोर्समध्ये रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असते, एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका टिंबाइतकी शांतता असते, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांइतकी आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांइतकी. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात; त्याच्या पुढच्या शांततेसह तो बरोबर ५० टिंबांचा होतो. मिनिटाला २० शब्दांचा वेग म्हणजे एक टिंब ६० मिलिसेकंदांचे, आणि मग ‘के’ हे अख्खे अक्षर, रेघ-टिंब-रेघ, साधारण अर्ध्या सेकंदात येऊन जाते. त्या अर्ध्या सेकंदात आधी ‘गुरू-लघू-गुरू’ असे ओळखायचे, मग ‘राजभा, म्हणून र गण’ आणि मग ‘र गण म्हणजे के’, इतक्या पायऱ्या चढेपर्यंत पुढची दोन अक्षरे निघून जात. शिवाय आपला गुरू दोन मात्रांचा आणि मोर्सची रेघ तीन टिंबांची, त्यामुळे मनातली चाल आणि कानावर पडणारी चाल जुळतही नव्हती. सात आठे छप्पन म्हणताना कोणी आठ सात वेळा मिळवत नाही; छप्पन हा शब्द त्या चालीला चिकटूनच ओठांवर येतो. मोर्सचे अक्षर असेच यायला हवे. मी मात्र पाढा सोडून बेरीज पाठ केली होती.

ती सवय मोडण्याचा उपाय ‘एलसीडब्ल्यूओ’च्या मुळाशीच आहे. १९३०च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तारायंत्रावर काम करणाऱ्यांचा अभ्यास करून असे मांडले, की नवशिक्याला अक्षरे संथ करून ऐकवू नयेत. सुरुवातीपासून ती पूर्ण वेगाने ऐकवावीत, फक्त एका वेळी दोनच द्यावीत, आणि ती शंभरात नव्वद वेळा बरोबर येऊ लागली की तिसरे, मग चौथे असे वाढवत जावे. संथ अक्षरातले टिंब आणि रेघा मोजता येतात म्हणून मेंदू मोजू लागतो, आणि वेग वाढला की मोजणे कोलमडते. पूर्ण वेगात मोजायला सवडच नसल्याने कानाला अक्षराचा अखंड आकार ओळखावा लागतो. फाबियान कुर्ट्स या जर्मन हौशी रेडिओचालकाने २००८ साली सुरू केलेल्या ‘एलसीडब्ल्यूओ’ने ही पद्धत चाळीस पाठांत बसवली आहे.

पहिल्या पाठात ‘के’ आणि ‘एम’ एवढीच दोन अक्षरे येतात. बटण दाबले की मिनिटभर त्यांचे गट वाजत राहतात: डा-डि-डा, डा-डा, डा-डा, डा-डि-डा. ऐकलेले अक्षर खालच्या चौकटीत टंकायचे आणि शेवटी तपासायला द्यायचे. चुकलेली अक्षरे वेगळी दिसतात आणि चुकीची टक्केवारी समोर येते. पुढच्या पाठांतून ‘यू’, ‘आर’, ‘ई’, ‘एस’ अशी भर पडत जाते. पहिल्या सहा अक्षरांतली चार तर माझे गणच होते, आणि म्हणून याच अक्षरांनी मला सर्वांत जास्त त्रास दिला. जी अक्षरे मी गण म्हणून पाठ केली नव्हती ती लवकर आली. जी तशी पाठ होती त्यांच्या आड दर वेळी ‘यमाताराज’ उभे राही. तीन आठवडे रोज अर्धा तास ऐकल्यावर एका पहाटे ‘आर’ वाजला आणि ज गण आठवायच्या आत बोटाने कळ दाबलेली होती. तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

या प्रणालीत वेगाच्या दोन खुंट्या आहेत आणि नवशिक्याने त्या पहिल्याच दिवशी नीट पिळून घ्याव्यात. एक खुंटी अक्षराच्या अंगच्या वेगाची, दुसरी अक्षरांमधल्या शांततेसह धरलेल्या एकूण वेगाची. अक्षरे जलद ठेवून त्यांच्यामधली शांतता वाढवण्याची ही युक्ती फार्न्सवर्थ या अमेरिकी हौशी रेडिओचालकाच्या नावाने ओळखली जाते. मी अक्षरे २०वर आणि एकूण वेग ८वर ठेवला. आठ हा आकडा मी हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेवरून घेतला: मी ज्या अभ्यासक्रमावरून तयारी करते आहे, त्यात जनरल ग्रेडच्या परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने पाच मिनिटे मोर्स घ्यायचा असतो, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची अट नाही. स्वराची पट्टीही बदलता येते. ६०० हर्ट्झच्या आसपासचा सूर मला अर्धा तास ऐकूनही शिणवत नाही, त्याहून चढा सूर दहाव्या मिनिटाला टोचू लागतो.

सतराव्या पाठाला माझी गाडी अडली. तिथे ‘एफ’ येतो आणि तो आधी पक्क्या झालेल्या ‘एल’शी भांडतो, एकाची रेघ तिसऱ्या जागी आणि दुसऱ्याची दुसऱ्या जागी, बाकी तीन-तीन टिंबे दोघांतही. पाच आठवडे टक्केवारी हलली नाही. त्या काळात मला धीर आला तो १८९७ आणि १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रायन आणि हार्टर या अमेरिकी अभ्यासकांच्या कामाविषयी वाचून. तार शिकणाऱ्या उमेदवारांची प्रगती मोजताना त्यांना आढळले होते, की तार ऐकून उतरवण्याच्या वेगाचा आलेख मध्येच आठवडेच्या आठवडे सपाट होतो आणि मग पुन्हा चढू लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या उमेदवारांना जे झाले तेच मला जेल रोडवरच्या घरात बसून होत होते. ‘एलसीडब्ल्यूओ’ प्रत्येक सरावाची नोंद ठेवते, त्यामुळे माझा सपाट आलेख आणि नंतरचा चढ मला तारखांसह पाहता आला. असाच गुंता पुढे ‘एस’, ‘एच’ आणि ‘५’ यांचा झाला. तीन टिंबे, चार टिंबे आणि पाच टिंबे. मोजायला गेले की हमखास चुकते, आणि लांबीचा अंदाज कानात बसला की चुकत नाही.

आमच्या शेजारच्या सोसायटीत तारखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. १९७०च्या दशकात ते तारमास्तर म्हणून मोर्सवर काम करत. जुलै २०१३मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन काळ लोटला होता. मी त्यांना लॅपटॉपवरचा सराव ऐकवला, तर पहिली दोन मिनिटे ते गप्प राहिले. त्यांच्या काळी कानावर सूर पडत नसे, साउंडरची, म्हणजे तार वाजवणाऱ्या यंत्राची, कडकट्ट पडत असे; दांडी खाली आपटल्याचा एक आवाज, वर उचलल्याचा दुसरा, आणि त्या दोहोंमधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ठरे. तिसऱ्या मिनिटाला ते अक्षरे मोठ्याने म्हणू लागले आणि एकही चुकले नाही. मग मला टंकताना पाहून म्हणाले, “बाई, तुम्ही अक्षर आलं की लगेच मारता. एक अक्षर मागे राहून लिहा. कान पुढे, हात मागे.” मी विचारले, “काका, मागचं लिहिताना पुढचं सुटत नाही का?” ते म्हणाले, “सुटलं तर सुटू द्या, तिथे टिंब ठेवा आणि पुढे चला. सुटलेल्याच्या मागे धावलात की चार जातात.”

हा सल्ला कोणत्याही प्रणालीत मला सापडला नव्हता, आणि तो पाळायला प्रणाली थोडी वाकवावी लागली. टंकण्याऐवजी मी पेन्सिलीने वहीत लिहू लागले आणि मिनिट संपल्यावर वहीतले चौकटीत टंकून तपासू लागले. वेळ दुप्पट लागतो, परंतु परीक्षेत कागदावरच लिहायचे असल्याने हाताला वळण लागते. ‘एलसीडब्ल्यूओ’मध्ये आपण दिलेल्या मजकुराचा मोर्स करून घेण्याची सोय आहे, ती याच टप्प्यावर फार उपयोगी पडली. इंग्रजी शब्दांचा पुढचा भाग अंदाजाने लिहिला जातो आणि आपल्याला येते असा भ्रम होतो. म्हणून मी रोमन लिपीत गोदावरी, पंचवटी, देवळाली, त्र्यंबक, सिन्नर अशी नावे भरून त्यांचा सराव केला. त्यातही ‘पंचवटी’ हे रोमनमधले दहा अक्षरी नाव न चुकता उतरू लागायला मला तीन दिवस लागले.

एक अडचण प्रणालीच्या बाहेरची होती आणि ती सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण तिच्यापायी मी स्वतःच्या कानांवर शंका घेतली. सुरुवातीला मी बिनतारी इअरफोन वापरत होते. सराव सुरू झाला की पहिले अक्षर दर वेळी चुके; ‘के’ वाजावा तिथे ‘ए’ ऐकू येई. शांततेत हे इअरफोन झोपी जातात आणि आवाज आल्यावर जागे होईपर्यंत पहिली खूण गिळून टाकतात, हे लक्षात यायला आठवडा गेला. ‘के’मधली पहिली रेघ गेली की उरते टिंब-रेघ, म्हणजे नेमका ‘ए’. एम. जी. रोडवरून वायरचा साधा हेडफोन आणला आणि ती चूक त्याच दिवशी थांबली.

‘जी४एफओएन’ ही रे गॉफ या इंग्लंडमधल्या हौशी रेडिओचालकाने बनवलेली प्रणालीही कॉखच्याच वाटेने जाते. पहिले पाठ तिच्यावर करण्याची गरज मला वाटली नाही, पण पंचवीस-तीस अक्षरे आल्यावर ती आवर्जून घ्यावी, कारण तिच्यात गोंगाट मिसळता येतो. प्रत्यक्ष रेडिओवरचा संदेश कधी प्रयोगशाळेतल्यासारखा स्वच्छ येत नाही. तो खरखरीत बुडतो, क्षीण होतो, पुन्हा वर येतो, शेजारच्या स्थानकाचा सूर त्याच्यावर चढतो. हे सगळे थोडे थोडे वाढवत नेता येते. महिनाभर गोंगाटात सराव केल्यावर, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरचा रेडिओ लावून खरी स्थानके ऐकली, तेव्हा मी बिचकले नाही.

‘रूफ्झ एक्सपी’ हे नाव कॉलसाइनसाठीच्या, म्हणजे रेडिओ-स्थानकाच्या अक्षर-आकड्यांच्या नावासाठीच्या, जर्मन शब्दावरून आले आहे. ती एकामागून एक ५० कॉलसाइन ऐकवते, बरोबर टंकले की वेग वाढवते आणि चुकले की कमी करते. भारतीय कॉलसाइनची सुरुवात बहुधा ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने होते, आणि डि-डि-डि-डा, डि-डि-डा ही चाल कानात आधीच बसलेली असल्याने ती आली की आपल्या गावचे माणूस भेटल्यासारखे वाटते. नवशिक्याने या प्रणालीच्या वाटेला लवकर जाऊ नये, एवढेच सांगते.

‘मोर्स रनर’ मात्र वेगळ्या जातीची आहे आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. कॅनडातल्या अ‍ॅलेक्स शोव्हकोप्ल्यास यांनी ती बनवली आहे. हौशी रेडिओच्या जागतिक स्पर्धेत एका स्थानकावर बसल्यासारखा अनुभव ती देते. आपण कळ दाबून हाक द्यायची, आणि मग एकाच वेळी तीन, चार, सहा स्थानके आपापली कॉलसाइन घेऊन तुटून पडतात. प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा, वेग वेगळा, कोणी जवळचा, कोणी दूरचा. त्या गलक्यातून एकाचे निदान दोन अक्षर तरी पकडायचे, तेवढेच परत पाठवायचे, आणि त्याने पूर्ण नाव सांगितले की संकेतांची देवाणघेवाण करून पुढच्याकडे वळायचे. मधूनच एखादा नवखा चुकीचे पाठवतो, हेही त्यात घातले आहे. आवाज किती स्पष्ट येतो हे सांगणारा संकेत ‘५९९’ असा अपेक्षित असतो, परंतु नऊची चार रेघांची लांबण टाळून त्याच्या जागी रेघ-टिंबाचा ‘एन’ वाजवतात आणि तो ‘५एनएन’ असा येतो. पहिल्यांदा मी तो ऐकला तेव्हा चूक आपली की यंत्राची हेच कळेना. आंतरराष्ट्रीय जलद तारलेखन स्पर्धांमध्ये ‘रूफ्झ’ आणि ‘मोर्स रनर’ या दोन्ही प्रणाली वापरल्या जातात, यावरून त्यांच्या अचूकतेची कल्पना यावी. मी अजून एका वेळी दोनच स्थानके लावते, आणि दहा मिनिटांत घाम फुटतो.

या चारही प्रणाली कान तयार करतात. हात तयार करण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. मोर्स पाठवण्यासाठी मी ५५५ क्रमांकाच्या चिपवर चालणारा सूर काढणारा छोटा ऑसिलेटर जोडून घेतला आणि त्याला मोर्स ठोकण्याची साधी ‘की’ (दाबायची कळ) लावली. आपण पाठवलेले बरोबर आहे की नाही हे पाहायला ‘एफएलडिजी’ ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते; ती मायक्रोफोनवर पडलेला मोर्स वाचून पडद्यावर अक्षरे उमटवते. पहिल्या संध्याकाळी मी ‘सी’ पाठवत राहिले आणि पडद्यावर ‘एन’ ‘एन’ उमटत राहिले. रेघ-टिंब-रेघ-टिंब या अक्षराच्या मध्यावर माझा हात किंचित थबकत होता, आणि तेवढ्या थबकण्याने एका अक्षराची दोन होत होती. माझ्या कानाला ती फट ऐकू येत नव्हती, कारण मी काय पाठवते आहे हे मला ठाऊक होते. काकांनी माझे मनगट धरून टेबलावर टेकवले, कोपर सैल करायला लावले आणि बोटांनी ठोकण्याऐवजी मनगटाने दाबायला सांगितले. ही दुरुस्ती पडद्यावरून होणारी नव्हती.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक सूचना करावीशी वाटते. मोकळ्या जागा ठेवून जलद अक्षरे ऐकण्याची सवय झालेल्या कानाला, अक्षरेही संथ असलेला मोर्स अनोळखी वाटतो. मिनिटाला ८ शब्दांच्या खऱ्या संथ गतीत एकेक टिंब १५० मिलिसेकंदांचे होते आणि मेंदूला पुन्हा मोजण्याचा मोह पडतो. म्हणून शेवटचे पंधरा दिवस ‘एलसीडब्ल्यूओ’च्या दोन्ही खुंट्या आठवर आणून सराव करण्याचे मी ठरवले आहे. त्याआधी हे करू नये.

आमच्या पथकातल्या सात मुलींना मी जूनपासून याच क्रमाने शिकवते आहे. त्यांच्यापैकी कोणालाही मी अद्याप तक्ता दाखवलेला नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात दोघी-दोघी एका लॅपटॉपवर बसतात. एकीने ऐकायचे आणि दुसरीने टक्केवारी वहीत लिहायची. चौघी बाराव्या पाठाच्या पुढे गेल्या आहेत. वृत्तांच्या तासाला गण शिकवताना ‘यू’ आणि ‘के’ यांचा उल्लेख माझ्या ओठांवर येतो, तो मी आवरते. त्यांचे चाळीस पाठ झाल्यावर सांगेन.

रविवारी सकाळी काका चहाला येतात आणि कीवर बसतात. मी वहीत घेते, लॅपटॉपवर ‘एफएलडिजी’ चालू असते. त्यांचा ‘सी’ पडद्यावर प्रत्येक वेळी ‘सी’च उमटतो. माझा आता दहांपैकी आठ वेळा.